निष्काम कर्म मठ : एका संकल्पाची वाटचाल

‘मठ’ हा शब्द उच्चारताच गुरुपरंपरा, समाधी, उत्सव आणि अन्नदान यांचे चित्र मनासमोर उभे राहते. इ. स. १९०८ मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्यास मात्र असा एक मठ स्थापन झाला की, ज्यात ना मूर्ती होती, ना गादी. त्याचे नाव ‘निष्काम कर्म मठ’ आणि संस्थापक फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. गीतेतील शब्द त्यांनी शोभेसाठी घेतला नव्हता. पंधरा वर्षांच्या कार्यात जी एक उणीव पदोपदी जाणवली, तिच्यावरील तो उपाय होता.

त्या कार्याचा आरंभ १८९३ सालचा. त्या वर्षी कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन झाली. कोकणात, मुरुडास, त्यांच्या कुटुंबाला बहिष्काराची झळ सोसावी लागली. दोन वर्षांतच, १८९५ साली, मंडळीचे नाव पालटून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक’ असे करण्यात आले. वरवर पाहता हा केवळ शब्दांचा फेर. पण त्यात मोठा विचार आहे. विवाहाला उत्तेजन देणे निराळे आणि ज्यांना विवाह करावयाचा आहे त्यांच्या वाटेतील अडथळे दूर करणे निराळे. संस्थेने आपल्या हातून होण्याजोगे तेवढेच पदरात घेतले. ध्येय लहान केल्याने कार्य खुजे होते, असा समज पुष्कळांचा असतो. येथे तरी तसे घडले नाही.

कारण विवाह झाला तरी तो मूठभरांचाच. उरलेल्या असंख्य विधवांनी कोणाच्या आश्रयाने जगावे? या प्रश्नातून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. येथे कर्व्यांनी एक कठीण पथ्य पाळले. स्वतः पुनर्विवाहित असूनही पुनर्विवाह घडवून आणण्याच्या खटपटीपासून त्यांनी आश्रमाला कटाक्षाने दूर ठेवले. एरव्ही सनातनी घरांतील वडीलधाऱ्यांनी आपल्या लेकीसुना तेथे धाडल्याच नसत्या. सुधारकांपैकी काहींना ही माघार वाटली. परंतु आश्रमाचा हेतू शिक्षण आणि स्वावलंबन हा होता, व त्या हेतूला जे पोषक नव्हते ते प्रिय असूनही बाजूला सारणे भाग होते.

पुण्यात प्लेगने थैमान घातल्यावर १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. त्यावर एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील तास आटोपले की कर्वे तेथवर चालत जात आणि मुलींना शिकवीत. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, याच आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि गावोगाव वर्गणीसाठी हिंडल्या.

१९०७ मध्ये अविवाहित मुलींकरिता महिला विद्यालय निघाले. शिक्षण चालू राहिले तर विवाहाचे वयही आपोआप पुढे जाईल, हा त्यामागील हिशेब. संस्था दोन झाल्या, पैसाही थोडाफार येऊ लागला. पण माणसे कोठून आणावयाची? पगारी शिक्षक आज येई, उद्या जाई. एका माणसाच्या देहावर विसंबलेली संस्था त्या देहाबरोबरच थकते, हे पन्नाशीला पोचलेल्या कर्व्यांना उमगले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापून आजन्म सेवकांचा आदर्श घालून दिलाच होता. मठात प्रवेश करणाऱ्याने आपले आयुष्य संस्थेस वाहावे, खाजगी लाभाकडे पाहू नये, स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी मठ जे देईल त्यात संतोष मानावा, राहणी साधी व आचरण शुद्ध ठेवावे आणि कोणाच्या धर्मभावना दुखवू नयेत, अशा स्वरूपाच्या त्या प्रतिज्ञा होत्या. संन्यास नव्हे, प्रपंचात राहून घेतलेले व्रत. तिन्ही संस्था पुढे एकत्र आल्या आणि मठ हे नाव मागे पडले, तरी त्याने घडविलेली कार्यकर्त्यांची परंपरा हिंगण्याच्या संस्थेत मुरली.

जपानमधील महिला विद्यापीठाची पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले तेव्हा त्या पुस्तिकेतील कल्पना त्यांनी उघडपणे मांडली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ अस्तित्वात आले. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. मातृभाषेचा आग्रह गांधीजींना मान्य होता. इंग्रजीची सक्ती मात्र रुचली नाही. कर्व्यांनी नम्रतेने आपलाच मुद्दा धरून ठेवला. सरकारमान्यता नसलेली ही पदवी घेणार कोण, अशी थट्टाही झाली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास लाभले. कायद्याने पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडले; तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते.

ती मान्यता येईपर्यंत ते वाट पाहत बसले नव्हते. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही अशा ठिकाणी प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी नवे मंडळ स्थापिले आणि त्याकरिता वर्गणी मागत ते पुन्हा एकदा दारोदार फिरू लागले.