ताजमहाल हॉटेलातील पियानो

सप्टेंबरमध्ये माउंट मेरीच्या यात्रेला मराठवाड्यातून जी कॅथलिक कुटुंबे जातात, त्यांच्या प्रवासात एक दिवस बहुधा 'मुंबई दर्शना'चा असतो. रात्रभराचा रेल्वेप्रवास, वांद्र्याच्या टेकडीवर मेणबत्त्या, नवस आणि मिस्सा, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून शहर पाहणे. बसमधील मार्गदर्शक गेटवे ऑफ इंडियापाशी उतरवतो आणि पाठ केलेली माहिती देतो: 1911 साली पंचम जॉर्ज येथे उतरले, 1913 साली पायाभरणी झाली, 1924 साली वास्तू खुली झाली. समोरचे ताजमहाल हॉटेल जमशेटजी टाटांनी 1903 साली सुरू केले, आणि 2008 च्या नोव्हेंबरात त्यावर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. यातील काहीही चूक नाही. परंतु ठरलेल्या वेळेत सहा-सात ठिकाणे दाखवायची म्हटल्यावर इतिहास हा दगडांचा आणि राजांचाच उरतो. उमरीकरांना हे सांगावयास नको. नांदेडला येणारे प्रवासी गुरुद्वारा पाहतात, वेळ असल्यास कंधारचा किल्लाही पाहतात. पण 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरीची बँक लुटून निजामी सत्तेला हादरा दिला, ते गाव पाहावयास कोण येतो?

ताजबाबतही अशीच एक गोष्ट सांगावयाची राहून जाते, आणि ती आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे.

हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. त्याच्या दोनच महिने आधी, 11 ऑक्टोबर रोजी, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पोकाहोंटास नावाच्या गावी टेडी वेदरफर्ड या कृष्णवर्णीय मुलाचा जन्म झाला. त्याचे शिक्षण न्यू ऑर्लिन्समध्ये आणि उमेदवारी शिकागोमध्ये झाली. 1926 साली तो तेथील व्हेंडोम चित्रपटगृहात अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवीत होता. मूकपटांचा तो काळ. पडद्यावर चित्र हलत असे आणि खाली वादक साथ करीत. त्याच वाद्यवृंदात कॉर्नेट आणि ट्रंपेट वाजविणारा होता लुई आर्मस्ट्राँग. ज्याला जॅझचे थोडेसे कुतूहल आहे, त्याला या नावाचे वजन कळेल.

वेदरफर्ड ज्या पद्धतीने वाजवीत, तिला 'स्ट्राइड' म्हणतात. म्हणजे लांब ढांगा टाकणे. डावा हात खाली एक खर्जाचा स्वर मारतो, लगेच वर झेप घेऊन तीन-चार स्वरांचा गुच्छ दाबतो आणि पुन्हा खाली येतो. त्या अखंड चालीवर उजवा हात मोकळेपणाने धून खेळवितो. एकाच माणसाने तबला, तंबोरा आणि गाणे सांभाळावे तसा हा प्रकार. त्याला ताकद लागते आणि काळाचे अचूक भानही लागते.

अशी कला अंगी असलेल्या माणसाने 1926 मध्ये देश का सोडावा? त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना आगगाडीत वेगळा डबा आणि शाळाही वेगळी होती; चर्चमध्येसुद्धा गोरे आणि काळे वेगळे बसत, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. आशियातील बंदरांत मात्र त्यांच्या संगीताला मागणी होती. वेदरफर्ड जॅक कार्टर यांच्या संचाबरोबर निघाले आणि शांघायमध्ये नावारूपाला आले. 1934 साली मायदेशी जाऊन त्यांनी बक क्लेटन या तरुण ट्रंपेटवादकाचा संच शांघायला आणला.

मुंबईत 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय संच ताजमध्ये आला होता. त्यापाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि 1936 मध्ये वेदरफर्ड. त्यांच्या वादनावर गोरे अधिकारी, संस्थानिक आणि पारशी व्यापारी नृत्य करीत. 1937 साली पॅरिसला जाऊन त्यांनी पियानोच्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या आणि परत याच भागात आले.

येथे आपल्या लोकांचा प्रवेश होतो. मुंबईच्या हॉटेलांतील, क्लबांतील आणि चित्रपटगृहांतील वादकांत गोव्याच्या कॅथलिकांचा भरणा फार मोठा होता. कारण सरळ आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास, व्हायोलिन वाजवावयास आणि लॅटिन स्तोत्रे गावयास शिकवीत. घरी शेतीचा तुकडा नसलेला मुलगाही स्वरलिपीचा कागद समोर येताच तो वाचून वाजवी. पण जॅझला कागद पुरत नाही. मूळ धून कायम ठेवून तिच्यावर त्या क्षणी स्वतःचे काही रचावे लागते, आणि ही विद्या ते या परदेशी कलावंतांच्या शेजारी बसून, ऐकून शिकले. आपल्या वेदीजवळील गायनाच्या तालमीने त्यांना अक्षरओळख दिली, शिकागोच्या माणसांनी बोलावयास शिकविले, असे मला वाटते. मिकी कोरिया यांनी 1939 पासून ताजमध्ये स्वतःचा संच चालविला. हळदोणेचे आंतोनियो शाव्हिएर वाझ तर 'चिक चॉकलेट' या नावाने आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून प्रसिद्धीस आले.

वेदरफर्ड यांचे अखेरचे पर्व कलकत्त्याचे. महायुद्धाच्या वर्षांत तेथील ग्रँड हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून निघालेले वादक त्यात सामील झाले होते. कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी तेथे तबकड्याही केल्या. 25 एप्रिल 1945 रोजी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे 41.

मुंबईतील वादकांपुढे लवकरच वेगळे संकट आले. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील नृत्याच्या रात्री ओसरल्या आणि त्यांना चित्रपटांच्या स्टुडिओंनी आधार दिला. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी 1951 च्या 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट यांची साथ घेतली. त्या चित्रपटाची गाणी खेडोपाडी पोहोचली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यसंयोजन करीत होते सेबास्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवरील सिंफनी सादर केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे तीत गायिले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे ते नाव घराघरांत गेले, पण ते खऱ्याखुऱ्या माणसाचे नाव आहे हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? पडद्यावर संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई. स्वरांची मांडणी करणाऱ्याचे नाव आलेच तर साहाय्यक म्हणून, आणि वाजविणाऱ्या पन्नास जणांचे तर मुळीच नाही. आपल्या मुलांना समाजाचा वाटा म्हणून शाळा आणि दवाखाने सांगितले जातात. त्यात हेही असावयास हवे.

म्हणून यात्रेहून परतताना गाडीला वेळ असेल, तर सीएसएमटी स्थानकाला जाण्यापूर्वी धोबी तलावाला उतरावे. मेट्रो चित्रपटगृहाच्या परिसरात जेर महाल ही जुनी इमारत आहे. तीत गोव्याच्या अनेक गावांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालविलेले निवासगृह. खलाशी, आचारी आणि वादक काम मिळेपर्यंत तेथे राहत. प्रत्येकाला एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीशी गावाच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि संध्याकाळी रोझरीला हजर राहण्याचा नियम. रोझरी संपली की वादक काळा कोट चढवून, व्हायोलिनची पेटी बगलेत मारून कामावर निघत.