‘गरीब व होतकरू’ : अभियांत्रिकी प्रवेशाच्या दस्तऐवजांतील दोन विशेषणे

शिष्यवृत्तीच्या जाहिराती, देणगीदारांची निवेदने आणि शिक्षणसंस्थांचे अहवाल यांतून ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्यातील दुसऱ्या विशेषणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हिंदीत अशा ठिकाणी ‘निर्धन मेधावी छात्र’ असे म्हणतात; बंगालीतही ‘दुःस्थ’च्या जोडीला ‘मेधावी’च येतो. मेधा ही विद्यार्थ्यापाशी आज असलेली गोष्ट आहे. होतकरू मात्र अजून व्हावयाचा असतो. त्याच्याविषयी जे म्हटले जाते ते अनुमान असते, आणि काही अंशी ते म्हणणाऱ्याने घेतलेली जबाबदारीही असते. स्वतंत्र भारतातील अभियांत्रिकी प्रवेशाचा इतिहास या दोन विशेषणांच्या आधारे वाचला, तर गरीब मुलाच्या संधीविषयीच्या नित्याच्या वादांत न दिसणारे काही दिसू लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या इतिहासातील पहिला मोठा दस्तऐवज मद्रासचा आहे. तेथील शासकीय आदेशानुसार वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना आणि १ मुसलमानांना अशी वाटणी होती. ‘मद्रास राज्य विरुद्ध चंपकम दोराईराजन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ती रद्द ठरविली. त्याबरोबर निकालात निघालेला दुसरा अर्ज अभियांत्रिकी प्रवेशाचा होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५(४) आला, आणि त्याच वर्षी खरगपूरला पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. या वादाची परिभाषा जमात आणि गुण या दोनच शब्दांभोवती फिरत होती. अर्जदाराच्या घरी मिळकत किती, हा प्रश्न त्या १४ जागांच्या कोष्टकात कोठेच नाही.

तो प्रश्न म्हैसूरने विचारला, आणि या प्रकरणापाशी अंमळ थांबणे आवश्यक आहे. १९६२ मध्ये ‘बालाजी’ खटल्यात म्हैसूर सरकारची ६८ टक्के राखीव जागांची योजना न्यायालयाने अमान्य केली. केवळ जात हा मागासलेपणाचा एकमेव निकष होऊ शकत नाही, असे म्हटले. त्यावर सरकारने जुलै १९६३ मध्ये नवा आदेश काढला. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपये वा त्याहून कमी आहे, आणि जे प्रत्यक्ष शेती, कारागिरी, किरकोळ धंदा, कनिष्ठ नोकरी किंवा अंगमेहनतीचे अन्य काम करते, ते मागास. जातीचा उल्लेख नाही. (महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ई. बी. सी. सवलतीमुळे हाच बाराशेचा आकडा परिचित असेल.) आपल्या प्रशासकीय गद्यात ‘गरीब विद्यार्थी’ इतक्या रेखीवपणे क्वचितच अवतरला आहे.

परंतु त्याच सरकारने त्याच सुमारास मुलाखतीसाठी परीक्षेच्या कमाल गुणांच्या २५ टक्के गुण ठेवले. ते कशासाठी द्यावयाचे? सामान्य ज्ञान, कल व व्यक्तिमत्त्व, पूर्वीची शैक्षणिक कामगिरी, एन. सी. सी.सारखे उपक्रम, आणि खेळ, समाजसेवा, वादविवाद, नाट्य इत्यादींतील सहभाग. हे ‘होतकरू’पण मोजण्याचेच साधन होते, असे म्हणता येईल. पण ज्या मुलाचा बाप वर्षाला बाराशे रुपयांत घर चालवितो, त्याने वादविवाद आणि नाटक कोणत्या शाळेत करावे? एका आदेशाने त्याला दार उघडले आणि दुसऱ्याने उंबऱ्यावर त्याची राहणी व बोलणे तपासले. ‘चित्रलेखा’ खटल्यात १९६४ मध्ये बहुमताने दोन्ही आदेश ग्राह्य ठरविले. मुलाखतीच्या गुणांबाबत न्या. ज. र. मुधोळकर यांनी भिन्नमत नोंदविले. त्यांचा रोख गरिबीवर नसून विद्यापीठीय दर्जावर होता, तरी ते मत आज पुन्हा वाचण्याजोगे आहे.

खरगपूरनेही आरंभीची काही वर्षे गुण आणि मुलाखत याच मार्गाने विद्यार्थी घेतले. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी सर्व संस्थांची सामाईक प्रवेशपरीक्षा आली, तेव्हा तिच्यात इंग्रजीची स्वतंत्र उत्तरपत्रिका होती. ती पुढे गेली, मुलाखतही गेली. उरली ती केवळ मेधा. अनामिक उत्तरपत्रिकेला ना जात दिसते ना सदऱ्याचे ठिगळ, आणि हा लाभ लहान नव्हे. भाषेचा अडसर मात्र अर्धाच हटला. पात्रतेची ‘मेन’ परीक्षा २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत होते. संस्थांचा खरा दरवाजा असलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ इंग्रजी आणि हिंदीतच. मराठी, ओडिया वा तमिळ माध्यमातील मुलाला पहिली पायरी आपल्या भाषेत चढून दुसरीवर भाषा बदलावी लागते.

शिवाय मेधा विकत घेता येत नसली तरी तिला लागणारा वेळ विकत घेता येतो. मद्रासच्या एका शिकवणी संस्थेचे पाठ पूर्वी टपालाने गावोगाव जात. पुढे कोटा शहर या धंद्याची राजधानी बनले आणि पाठांबरोबर खोली व खाणावळ यांचाही खर्च आला. २०२४ मध्ये ‘मेन’ला १४ लाखांहून अधिक मुले बसली, आणि तंत्रज्ञान संस्थांतील जागा होत्या सुमारे साडेसतरा हजार. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी मिळतात. ज्याला पहिल्या वर्षी मजुरीला जावे लागले, त्याचे दुसरे वर्ष हेच पहिले असते. पाटण्यात २००२ पासून चालविला गेलेला ‘सुपर ३०’ हा उपक्रम याच गणिताला दिलेले उत्तर होते : ३० निर्धन मुलांना वर्षभर विनामूल्य अन्न, निवारा आणि अध्यापन. त्या तिसांत येण्यासाठीही आधी चाचणी द्यावी लागे, हे सांगितलेच पाहिजे.

उत्पन्नाचा आकडा २०१९ मध्ये १०३व्या घटनादुरुस्तीने परतला. आर्थिक दुर्बलांसाठीच्या १० टक्के जागांना आठ लाख रुपयांची मर्यादा ठरली. २०१७ पासून इतर मागासवर्गीयांतील ‘प्रगत’ स्तर वगळण्याची मर्यादाही आठ लाखच आहे. मोजण्याच्या रीती भिन्न आहेत, हे खरे. तथापि एकच आकडा एका रकान्यात दुर्बळतेची वरची कड आणि दुसऱ्यात सुस्थितीचा आरंभ दाखवितो, ही गोष्ट कोणत्याही वाचकाला थबकविणारी आहे. अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांतील गरीब या नव्या तरतुदीबाहेर आहेत. २०२२ मध्ये न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली.

२०२४ सालचे एक प्रकरण येथे नोंदविणे इष्ट आहे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला दुसऱ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात धनबादच्या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. तीवर हक्क सांगण्यासाठी १७,५०० रुपये २४ जून रोजी सायंकाळी पाचपर्यंत भरावयाचे होते. पैसे जमले ते पावणेपाचच्या सुमारास. संगणकावरील व्यवहार वेळेत पुरा झाला नाही आणि जागा गेली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२खालील अधिकार वापरून, अन्य कोणाची जागा न काढता, त्याच तुकडीत अधिकची एक जागा निर्माण करण्यास सांगितले. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना त्या संस्थेत शिक्षणशुल्क २०१६ पासून पूर्ण माफ आहे. अडले होते ते त्याआधीच्या पावतीवर.