दक्षिणा, नोंद आणि सभा : एकोणिसाव्या शतकातील होतकरू ग्रंथकाराच्या आधारव्यवस्था

मराठी साहित्याचा इतिहास प्रायः ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जो लिहू इच्छितो परंतु ज्याचे नाव अद्याप ग्रंथावर आलेले नाही, अशा लेखकाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. त्याला पैसा कोठून मिळत असे, त्याचे हस्तलिखित कोण तपासत असे, कोणते पुस्तक निघाले आहे हे त्याला कसे कळत असे, या प्रश्नांना वाङ्मयबाह्य मानून बाजूस सारण्याची प्रथा पडली. वस्तुतः हे प्रश्न साहित्यव्यवहाराच्या गाभ्याचे आहेत. लेखकाला आधार देणारी प्रत्येक व्यवस्था लेखक कोण याची एक व्याख्या गृहीत धरते आणि ती व्याख्या पुढे वाङ्मयीन अभिरुचीत मुरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तीन व्यवस्थांच्या आधारे ही प्रक्रिया तपासता येते.

१

पहिली व्यवस्था दक्षिणेची. तळेगावच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आलेली श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा पेशवाईच्या अखेरपर्यंत विद्वान ब्राह्मणांच्या गौरवाची, आणि पुष्कळदा केवळ दानाची, रीत होती. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रक्कम १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा आणि तो देताना जातीचा विचार करू नये, असा त्याचा आशय होता. सनातनी मंडळींनी या अर्जास तीव्र विरोध केला. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपल्या अनुयायांसह उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि मराठीत लिहू इच्छिणाऱ्यास बक्षिसाच्या रूपाने द्रव्य मिळण्याची सोय झाली.

या बदलाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. दान घेणाऱ्याच्या जन्मावरून लक्ष त्याच्या कृतीकडे वळले. संस्कृत पांडित्याच्या जागी देशभाषेतील ग्रंथरचना ही पात्रतेची खूण ठरली. परंतु कृतीची परीक्षा करणारे कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. हस्तलिखिताचा निवाडा ज्या विद्वद्वर्गाकडे होता, त्याची वाङ्मयकल्पना संस्कृत काव्यशास्त्र आणि इंग्रजी शिक्षण या दोन परंपरांतून घडली होती. भाषांतर आणि शालोपयोगी ग्रंथ यांना त्या कल्पनेत सहज स्थान होते. परशुरामपंत गोडबोले, कृष्णशास्त्री राजवाडे आदींनी संस्कृत नाटकांची मराठी रूपे सिद्ध केली ती याच वातावरणात.

फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) सांगितले आहे. ही नोंद फिर्यादी पक्षाची आहे, हे मान्य केले तरी तिच्यामागील विसंगती दृष्टीआड करता येत नाही. ज्या अर्जाच्या पाठीशी फुले उभे राहिले, त्याच अर्जातून जन्मलेल्या संस्थेने सहा वर्षांच्या आत त्यांचे लेखन अपात्र ठरविले. अशिक्षित कुणबी दांपत्य आणि त्यास नाडणारा जोशी यांची बोलीतील झटापट 'उपयुक्त ग्रंथ' या कोटीत बसत नव्हती. जातीची अट कागदावरून गेली, पण अभिरुचीच्या रूपाने तिचा अंमल चालू राहिला. हे नाटक १९७९ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. मधल्या सव्वाशे वर्षांत मराठी नाटकाच्या उगमाविषयी जी चर्चा झाली, ती या संहितेवाचून झाली. नकाराचा परिणाम एका लेखकापुरता राहत नाही, परंपरेचा आलेखच त्यामुळे वेगळा काढला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

२

दुसरी व्यवस्था नोंदीची. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करणे मुद्रकास बंधनकारक झाले आणि प्रांतवार त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, छापल्याचे स्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाप्रेसवर छापले की खिळ्यांनी, किंमत आणि स्वामित्वहक्काचा धनी एवढा तपशील या याद्यांत असे. राज्यकर्त्यांचा हेतू देखरेखीचा होता. तथापि प्रकाशनविषयक वृत्ताचे पहिले पद्धतशीर साधन या देखरेखीतूनच निर्माण झाले. महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा घेतला, तो अशा नोंदींच्या आधाराशिवाय शक्य झाला नसता.

सामान्य होतकरू लेखकाच्या हाती या सरकारी याद्या फारशा पडत नसाव्यात. त्याला नव्या पुस्तकाची वार्ता नियतकालिकांतून मिळे. १८६७ मध्येच सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्ता'राने पुस्तकपरीक्षणास स्थान दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने (१८७४) नव्या ग्रंथकारास धाक आणि आदर्श दोन्ही पुरविले. यादी केवळ अस्तित्वाची दखल घेते, परीक्षण मूल्य ठरविते. यादीत 'गुलामगिरी'ला अन्य कोणत्याही पुस्तकाइतकीच एक ओळ लाभणार, परीक्षणात मात्र लेखकाचे शुद्धलेखन आणि व्याकरण हेच खंडनाचे शस्त्र बनू शकते. चिपळूणकरांनी फुले यांच्या भाषेवर जी टीका केली, तिच्यात हा पवित्रा स्पष्ट दिसतो. वासाहतिक नोंदवही देशी समीक्षेपेक्षा समदर्शी ठरावी, हा या काळाचा अस्वस्थ करणारा विरोधाभास आहे.

३

तिसरी व्यवस्था खुद्द ग्रंथकारांनी उभी केली. लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची सभा भरली. मराठी ग्रंथांचा प्रसार कसा व्हावा आणि ग्रंथकारास उत्तेजन कसे मिळावे, ही तिच्यामागील चिंता होती. सरकारी बक्षिसाऐवजी वाचकवर्गाच्या सहकार्यावर ग्रंथव्यवहार उभा राहावा, हा विचार तिच्यात बीजरूपाने आढळतो. दुसरी सभा १८८५ मध्ये पुण्यातच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली.

या दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुले यांनी नाकारले. त्यांचे पत्र 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. जे लोक बहुजनांस मनुष्यत्वाचे हक्क देण्यास तयार नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. या पत्राकडे केवळ जातीय रोषाचा उद्गार म्हणून पाहणे अपुरे आहे. त्यात साहित्यव्यवहाराविषयीचा एक सिद्धांत अनुस्यूत आहे. ज्या समाजात वाचनाचाच अधिकार विषम आहे, त्या समाजात 'ग्रंथकार' हा एकजिनसी वर्ग असू शकत नाही आणि म्हणून त्याच्या समान हिताची भाषाही दिशाभूल करणारी ठरते. १८५५ च्या नकाराला १८८५ मध्ये मिळालेले हे उत्तर होते.

अर्थात प्रतिसंस्था उभारणेही सोपे नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचे हक्काचे पत्र. तरीही 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) त्यात पूर्णपणे छापला गेला नाही आणि त्याची खंत फुले यांनी व्यक्त केली. नाकारण्याची सत्ता केवळ प्रस्थापितांकडेच असते, या सुलभ समजुतीला ही घटना छेद देते.

४

१९०६ मध्ये पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली, १९६० मध्ये राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ आले, त्याने नवलेखकांसाठी अनुदान योजना राबविली. दुसरीकडे साठोत्तरी अनियतकालिकांनी आणि औरंगाबादच्या 'अस्मितादर्शा'ने मान्यताप्राप्त मासिकांबाहेर आपले लेखक घडविले. दक्षिणा कमिटी आणि सत्यशोधक पत्र यांच्यातील जुना ताण या साऱ्यांतून नव्या रूपात प्रकटत राहिला. अनुदान किती आणि पारितोषिके किती, या गणनेने त्याचा उलगडा होत नाही. हस्तलिखित कोणाच्या मेजावर पोचते, तेथे ते कोणत्या भाषेच्या कसोटीवर घासले जाते आणि नाकारले गेल्यास त्याची नोंद कोठे राहते, हे प्रश्न इतिहासकाराने विचारावयास हवेत. सव्वाशे वर्षे अप्रकाशित राहूनही 'तृतीय रत्न' टिकले, कारण त्याच्या कर्त्याने नकाराची हकीकत स्वतःच ग्रंथात लिहून ठेवली. ज्यांनी तशी ती लिहून ठेवली नाही, त्यांची गणती कोणत्याही त्रैमासिक यादीत नाही.