शनवार तेल्याचा घाणा आणि गिरणगावातली खानावळ



कुलाबा जिल्ह्यात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असते. शब्बाथला घाणा बंद, म्हणून शनवार तेली. त्या घाण्यामागचा हिशोब मात्र आपण फारसा सांगत नाही. घाणा, तो ओढणारा बैल आणि गाळायला तीळ किंवा खोबरे, इतके भांडवल तरी लागतेच. बैल मेला की हाताशी कसब असूनही तेली रिकामा. अशा माणसाला पायलीभर तांदूळ दिले तर त्याचे चार दिवस निघतील. बैलापुरते पैसे उसने दिले तर तो वर्षभर कमावील आणि पैसेही फेडील.

हाच विचार रामबामने बाराव्या शतकात धर्मशास्त्रात मांडला. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी अशी की गरजूला भेट किंवा कर्ज द्यावे, त्याच्याशी भागी करावी किंवा त्याला काम मिळवून द्यावे, म्हणजे त्याला पुढे कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. रामबामला भांडवल बुडणे म्हणजे काय ते ठाऊक होते. त्याचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, आणि त्याच्याबरोबर घरचे व इतरांचेही पैसे गेले. याच रामबामने लुनेलच्या रब्बींना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता याखेरीज काही माहीत नाही, असे म्हटले आहे. ते आपल्याबद्दलच असावे, असे पुष्कळांना वाटते!

तोरात गरिबाकडून व्याज घेण्याची मनाई आहे. तिला धरून 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब यहुदी वस्तीत 'हिब्रू फ्री लोन सोसायटी' निघाली. सुरुवातीचे भांडवल अवघे 95 डॉलर. कर्ज बिनव्याजी, पण जामीन हवा. पैसे परत आले की तेच पुढच्याला. ही संस्था आजही चालू आहे.

आता मुंबईला येऊ. परळची जेकब ससून मिल, म्हणजे पुढची इंडिया युनायटेड मिल नंबर एक, बगदादी यहुद्यांनी उभारलेली. तिथे आणि आसपासच्या गिरण्यांत खपणारे हजारो कामगार बायकामुले गावी ठेवून आलेले. त्यांना दोन वेळचे जेवण घालत त्या खानावळवाल्या बायका. कामगार पैसे देणार पगाराला, पण चूल रोज पेटवायची. मग वाण्याकडे उधारी, नाहीतर सावकार. रात्रंदिवस राबून नफा जाई व्याजात. बँकेत जावे तर तारण काय ठेवणार, पोळपाट?

गोवा मुक्तिलढ्यातून मुंबईत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गरिबांना चार टक्के व्याजाने, तारणाशिवाय कर्ज देण्याची सरकारी योजना 1972 पासून होतीच, पण ती या बायकांपर्यंत पोचत नव्हती. प्रेमाताईंनी बायकांचे गट केले. एकीच्या कर्जाची हमी बाकीच्या जणींनी घ्यायची. पहिल्या 14 जणींना बँक ऑफ बडोदाने कर्ज दिले. तारणाच्या जागी शेजारणीचा शब्द आला.

जानेवारी 1982 मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. दोन लाखांहून अधिक कामगार घरी बसले, पुष्कळ जण गावी परतले ते कायमचेच. जेवायला माणूसच नाही, तिथे स्वस्त कर्ज घेऊन करायचे काय? अन्नपूर्णाने मग स्वयंपाकाची मोठी कंत्राटे धरली, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह काढले, नवे गिऱ्हाईक शोधले. रामबामच्या त्याच पायरीवर कर्जाशेजारी काम का आहे, ते इथे कळते.

आम्ही राहतो त्या बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्येही हा धडा दिसतो. सिंगापूर सरकारने 1971 ते 1986 या काळात रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ, वीज आणि छप्पर असलेल्या जागा दिल्या. तिथे भांडवल पोचले ते गाळ्याच्या रूपाने, आणि गिऱ्हाईक शेजारच्या इमारतींतूनच खाली उतरते.

आपल्या समाजात आजारपण, लग्न, दफनविधी यांसाठी मदत करणारे हात आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. पण घरगुती डबे करणारी, शिलाई करणारी बाई मदत मागायला लाजते. तिला दान नको असते, मशीन हवे असते. मलिद्याला जमतो तेव्हा प्रत्येक घराने थोडे बाजूला काढून एक फिरता निधी केला, तर तिला मान खाली न घालता मागता येईल. फेडताना तर तिची मान ताठच असेल.