औषध ‘नवीन’ कधी असतं? एका घरातली फाईल आणि रोफेकॉक्सिब

वैद्यकाचा इतिहास म्हटलं की आपण शोध, शास्त्रज्ञ आणि कंपन्यांकडे वळतो. पण गोळी शेवटी कुणाच्या तरी घरात पोचते आणि तिथे तिच्या तारखा वेगळ्या असतात. या दोन्ही तारखा शेजारी मांडल्या की संशोधनाचा प्रश्न हाती लागतो. उदाहरण घरचंच आहे.

आमचं घर ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. आजीचे गुडघे झिजलेले. डायक्लोफिनॅकने दुखणं थांबायचं, पण पोटात आग पडायची. तिच्या फाईलमध्ये २००३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर ‘रोफेकॉक्सिब’ हे नाव दिसतं. दुखण्यावरच्या जुन्या गोळ्या कॉक्स-१ आणि कॉक्स-२ ही दोन्ही विकरं रोखतात. त्यातलं कॉक्स-१ जठराच्या अस्तराला जपतं. नवी गोळी मुख्यतः कॉक्स-२ रोखायची, म्हणून पोटाला सोसायची. घरचे सांगतात, त्या नवरात्रात आजी जिने उतरून नाक्यावरच्या देवीला जाऊन आली. पुढच्या नवरात्रात मात्र नाही, कारण ‘गोळी बंद झाली होती’.

आमच्याकडे वर्ष असंच मोजतात, देवीच्या आधी आणि देवीच्या नंतर. मौखिक इतिहासात अशा खुणा फार मोलाच्या, पण त्या कागदाशी ताडून बघायच्या असतात. २००४ ची घटस्थापना १४ ऑक्टोबरला होती. मर्क कंपनीने आपलं रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेतलं ते ३० सप्टेंबर २००४ रोजी, दीर्घकाळ घेतल्यास हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर. आठवण आणि कागद इथे जुळले.

आता खरी मेख. भारतात या औषधावर बंदीची अधिसूचना निघाली १३ डिसेंबर २००४ रोजी. मधले अडीच महिने कसले? १९७० च्या पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे, खुद्द औषधाला नाही. त्यामुळे हेच औषध इथल्या कंपन्या आपापल्या नावांनी विकत होत्या. मर्कने आपला माल मागे घेतला म्हणून त्या गोळ्या आपोआप थांबणार नव्हत्या. त्यासाठी केंद्र सरकारला १९४० च्या औषध कायद्याचं कलम २६-अ वापरावं लागलं. आजीची गोळी ऑक्टोबरातच थांबली, म्हणजे ती कायद्याने नाही तर डॉक्टरांनी थांबवली. हे फक्त फाईल सांगते, राजपत्र नाही.

आणखी मागे जाऊ. संधिवाताच्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवरची ‘व्हिगर’ चाचणी नोव्हेंबर २००० मध्येच प्रसिद्ध झाली होती. पोटाचा त्रास कमी, पण हृदयविकाराचे झटके नेप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा जास्त, असं तिच्यात दिसलं होतं. ‘नेप्रोक्सेनच हृदयाला जपत असेल’ असा अर्थ तेव्हा लावला गेला. म्हणजे आमच्या घरात गोळी ‘नवीन’ म्हणून आली, तेव्हा तिच्याबद्दलची शंका तीन वर्षांची जुनी होती.

इथे नवा संशोधक दोन खड्ड्यांत पडू शकतो. एक, ‘घरच्यांनी धोकादायक औषध दिलं’ असं आजच्या माहितीवरून ठरवणं. त्यांच्यासमोर रात्रभर कण्हणारी आजी होती आणि तिला मिळालेला आराम खरा होता. दुसरा, ‘तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं’ म्हणून सगळ्यांना सोडून देणं. माहिती होती, पण ती सगळ्यांकडे नव्हती. म्हणून ‘औषध चांगलं होतं की वाईट?’ यापेक्षा ‘कोणाला, कधी, काय माहीत होतं आणि ते या घरापर्यंत कसं पोचलं?’ हा प्रश्न इतिहासाचा.

जाता जाता कामाचं. माणूस गेलं की घरातून पहिल्यांदा टाकली जाते ती चिठ्ठ्यांची पिशवी. घरच्यांची परवानगी घ्या, नावं झाका आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. अर्काइव्हमध्ये हे कागद तुम्हाला मिळणार नाहीत.