लाकडावरची लादी

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर फरशी घासण्याचा एकच धडाका उडतो. कोपऱ्यातला तेलाचा डाग, उंबऱ्यापाशी निघालेला तुकडा, सारे काही त्या आठ दिवसांत नजरेस पडते. फरशीच्या खाली काय आहे, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. तळमजल्यावर ती करण्याचे कारणही नाही. खाली भरीव जमीन असते. तिला कसला भार! पण घर जुने असेल, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असेल आणि तो मजला तुळया-फळ्यांचा असेल, तर आपल्या पायाखाली एक फार जुने भांडण मिटवून ठेवलेले असते. ते भांडण लाकडाचे आणि लादीचे.

लाकूड झाडातून सुटले तरी पाण्याची ओढ सोडीत नाही. पावसाळ्यात फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत तिचा फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. साग या बाबतीत पुष्कळ संयमी, म्हणून तर त्याला एवढा मान; पण तोही अगदीच निश्चल नव्हे. शिवाय माणूस चालला की तुळई किंचित लवते आणि पुन्हा सरळ होते. लादीला यांतले काहीच जमत नाही. तिला फुगता येत नाही, लवता येत नाही. येते ते फक्त तडकता. तेव्हा सुताराचे काम जिथे संपते आणि गवंड्याचे सुरू होते, तिथे दोघांच्या मध्ये कोणाला तरी बसवावेच लागते.

आमच्याकडे तिथे माती बसली. पुण्याच्या जुन्या वाड्यांत खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, असा कडीपाट होत असे. त्यावर मातीचा जाड थर चोपून शेणाने सारवीत. माती लाकडाबरोबर हलली तरी बिघडत नसे. भेग पडली तर पुढच्या सारवणात बुजून जाई. हा थर पावलांचा आवाज गिळी आणि वर सांडलेल्या निखाऱ्यापासून फळीचे रक्षणही करी. दोष एवढाच, की वरच्या बिऱ्हाडातील पोरे उड्या मारू लागली म्हणजे खालच्यांच्या आमटीत माती पडे. पुष्कळ घरांत कडीपाटाखाली कापडी छत बांधीत, ते काही केवळ शोभेसाठी नव्हे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत विलायती लाद्या आल्या. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ सालचे. राणीच्या बागेतील संग्रहालय, म्हणजे आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडले. तिथल्या नक्षीदार फरश्या आजही पाहून घ्याव्यात. पण त्या तळमजल्यावरच्या. तिथे लाकडाशी गाठ नव्हती. खरी परीक्षा झाली ती चाळींत. लाकडी सांगाड्याच्या त्या इमारतींत फळ्यांवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा कोबा चोपून बसवीत आणि त्यावर शहाबादी फरशी येई. रेल्वे १८७१ साली रायचूरला पोहोचली, तेव्हापासून शहाबादचा दगड मुंबईला जवळचा झाला. पुढे १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्सचा कारखाना काढला आणि सिमेंटच्या रंगीत लाद्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आल्या. चुना सिमेंटपेक्षा मऊ. लाकूड थोडे हलले तर तो सांभाळून घेई, आणि त्यामुळे कित्येक मजले पिढ्यान्‌पिढ्या निभावले. मात्र एका कोपऱ्यात त्याचेही चालेना. तो कोपरा मोरीचा. रोजचे पाणी सांध्यांतून झिरपून भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी जाई आणि वर लादी लखलखीत असताना खाली लाकूड कुजत राही.

अमेरिकेत घरेच लाकडाची, त्यामुळे तिथे हा प्रश्न घरोघरचा. रोगजंतूंचे ज्ञान पसरले तशी न्हाणीघरात धुता येणारी पांढरी लादी हवीशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले कारागीर फळ्या तुळयांवर न ठोकता तुळयांच्या मध्ये, खालच्या अंगाला पट्ट्यांवर बसवीत. फळ्या अरुंद घेत आणि त्यांच्यात फट ठेवीत, म्हणजे ओल्या मालाने त्या फुगल्या तरी एकमेकींना रेटणार नाहीत. तुळईची वरची कड तासून निमुळती करीत, कारण रुंद माथ्यावरच लादीला सरळ तडा जातो. मग त्यावर काही इंच जाडीचे काँक्रीट. युक्ती नामी होती, पण तासलेली तुळई दुबळी होई आणि त्याच तुळईला नळवाला नळासाठी आणखी खाच पाडी! अशा न्हाणीघराचा मजला कालांतराने मध्येच बसला तर नवल काय?

१९५० नंतर तिथे पातळ लेपाचे युग आले. हेन्री रॉथबर्ग यांनी सिमेंटमध्ये रबरासारखे लवचीक द्रव्य मिसळले आणि १९५६ साली लॅटिक्रीट कंपनी काढली. काही इंचांचे काम काही मिलिमीटरांवर आले. मात्र जाड थर जे सोसत होता, ते आता लाकडालाच सोसणे आले. म्हणून आधी तुळई किती लवते ते मोजायचे. अंतराच्या ३६० व्या भागापेक्षा ती अधिक लवता कामा नये. म्हणजे दहा फुटांत फार तर एक तृतीयांश इंच.

आमच्या जुन्या घरांत उलटाच प्रकार चालतो. जुनी लादी उखडण्याचा त्रास नको म्हणून तिच्यावरच नवा माल आणि नवी लादी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत एक इंच माल पसरला की सुमारे पावणेपाचशे किलो वजन वाढते; लादीचे वजन वेगळे. हे ओझे वाहते ती शंभर वर्षांची तुळई. मुंबईतील जुन्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. त्याच्या कारणांत हा एकच भार होता असे नव्हे, पण भिजलेले लाकूड आणि वाढते ओझे ही जोडी जुन्या घराला कधीच मानवलेली नाही.

जाणता कारागीर वरून सुरुवात करीत नाही. तो आधी खालच्या बिऱ्हाडात जाऊन तुळईला टेकू देतो. मग वरचे जुने थर फळीपर्यंत काढतो. कुजक्या फळ्या बदलतो, ढिल्या फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने आवळतो, वाळवीचा बंदोबस्त करतो. ओल्या मालाचे पाणी लाकडाने पिऊ नये म्हणून वर डांबरी कागद पसरतो, त्यावर तारेची जाळी, तिच्यावर बेताचा माल, आणि भिंतीलगत चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढी फट. ती पट्टीखाली झाकली जाते. दिवाळीत फरशी घासणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. पण या साऱ्याच्या आधी तो टोच्या घेऊन मोरीकडच्या भिंतीशी बसतो आणि तुळईच्या टोकात टोचून पाहतो. ठणकन आवाज आला तर काम पुढे चालते. टोच्या मुकाट्याने आत गेला, तर तो लादीचे नमुने गुंडाळून ठेवायला सांगतो आणि सुताराला बोलावणे धाडतो.