एक मरी, दोन जबान्या

दावीद राजाने शिरगणती करवली, म्हणून देशात मरी आली आणि दानपासून बैर-शेबापर्यंत ७०,००० माणसे दगावली. बायबलमध्ये ही हकिकत दोनदा येते, २ शमुवेलच्या २४व्या अध्यायात आणि १ इतिहासाच्या २१व्या. मृतांचा आकडा दोन्हीकडे तोच आहे. पण गणतीची बुद्धी राजाला कोणी दिली? शमुवेल म्हणतो, इस्राएलावर कोपलेल्या परमेश्वराने. इतिहास म्हणतो, सैतानाने.

आधीची जबानी शमुवेलची. या पुस्तकाला आजचे रूप इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास आले, असे बरेच अभ्यासक मानतात. त्यातल्या कथा त्याहून जुन्या. त्या कथांच्या जगात बरेवाईट सगळे एकाच हातून येते. शौल राजाला छळणारा दुरात्माही तिथे परमेश्वराकडूनच येतो. शिरगणती म्हणजे तलवार धरू शकणाऱ्यांची मोजदाद, आणि ती धोक्याची मानली जाई. मोजलेल्या प्रत्येकाने अर्धा शेकेल खंडणी द्यावी, म्हणजे मरी येणार नाही, असा नियम निर्गमाच्या पुस्तकात आहे. सेनापती यवाबानेही राजाला अडवून पाहिले होते.

इ.स.पू. ५८७च्या सुमारास यरुशलेम पडले आणि लोक बाबेलला नेले गेले. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला का, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. जो पाप करील तोच मरेल, असे यहेज्केल संदेष्ट्याने बजावले. पुढे इराणी अमलात लोक परतले. त्यानंतर, बहुधा चौथ्या शतकात, इतिहासाचे पुस्तक लिहिले गेले. तोवर ईयोब आणि जखऱ्या यांच्या पुस्तकांत देवाच्या दरबारातला आरोप करणारा, म्हणजे सैतान, दिसू लागला होता. इतिहासकाराने राजाला फूस लावण्याचे काम त्याच्याकडे दिले. मरी पाठवणारा मात्र त्याच्याही पुस्तकात परमेश्वरच राहिला. चिथावणीचा ठपका हलला, शिक्षेचा नाही.

तरी दोन पाठांतला प्रत्येक फरक इतिहासकाराच्या माथी मारता येत नाही. गाद संदेष्ट्याने राजापुढे तीन शिक्षा ठेवल्या: दुष्काळ, तीन महिने शत्रूपुढे पळ, किंवा तीन दिवस मरी. दुष्काळ किती वर्षांचा? हिब्रू शमुवेलात सात, इतिहासात तीन. पण शमुवेलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही तीनच आहेत. उपसलेली तलवार घेऊन आकाश आणि पृथ्वी यांच्यामध्ये उभा असलेला देवदूत ही इतिहासकाराची भर समजली जाई. १९५२ साली कुमरानच्या चौथ्या गुहेत शमुवेलाच्या गुंडाळीचे तुकडे सापडले आणि त्यांत तोच देवदूत निघाला. म्हणजे इतिहासकारापुढची शमुवेलाची प्रतच परंपरागत प्रतीहून वेगळी असावी. असे फरक नकलाकारांच्या हातून आलेले, त्यांत धर्मविचार शोधण्यात अर्थ नाही.

मरी थांबली ती अरवना यबूसीच्या खळ्यावर. ते खळे विकत घेऊन दावीदाने तिथे वेदी बांधली. शमुवेलात खळे आणि बैल मिळून किंमत ५० शेकेल चांदी, इतिहासात जागेची किंमत ६०० शेकेल सोने. तालमुदातल्या एका रब्बीने यातून वाट काढली: बारा वंशांकडून पन्नास-पन्नास घेतले, झाले सहाशे. हिशेब जुळतो, पण फरकाचे कारण कथेच्या जागेत अधिक दिसते. शमुवेलात हा अध्याय पुस्तकाच्या शेवटी, पुरवणीसारखा येतो. इतिहासात तो मंदिराच्या उभारणीचा आरंभ आहे, कारण शलमोनाने मंदिर याच खळ्यावर बांधले असे ते पुस्तक सांगते. देवाच्या घराची जमीन बैलांच्या भावात कशी दाखवायची?

सैतानाच्या बाबतीत नंतरच्या भाष्यकारांनी ईयोबाचा आधार घेतला: सैतानाने भुलवले, पण देवाच्या परवानगीने, म्हणून दोन्ही वचने खरी. जॉन हेली यांचे बायबलमधल्या कथित विसंगतींवरचे पुस्तक १८७४ साली निघाले, तोवर अशी जुळवाजुळव हा स्वतंत्र ग्रंथप्रकारच झाला होता. श्रद्धावंताला हे उत्तर पुरते. पण एका लेखकाने दुसऱ्याचे वाक्य बदलले आणि त्या बदलाची किंमतही मोजली, हे त्यात झाकले जाते.

शमुवेलात परमेश्वराचा कोप आधीपासूनच इस्राएलावर आहे. कारण सांगितलेले नसले, तरी लोकांचा काहीतरी दोष गृहीत धरलेला आहे. इतिहासकाराने ते पहिले वाक्य बदलले, तेव्हा लोकांवरचा तो आधीचा कोपही गेला. उरला एक भुललेला राजा. पाप मी केले, या मेंढरांनी काय केले, असा दावीदाचा आक्रोश दोन्ही पुस्तकांत आहे. इतिहासात तो जास्त झोंबतो, कारण तिथे मेंढरांविरुद्ध काहीच पुरावा उरलेला नाही. देवावरचा एक आरोप पुसताना इतिहासकाराने दुसरा अधिक ठळक केला.